एका गावाहून शेजारच्या गावाला, शेतांमधून: इंग्लंडच्या पाऊलवाटा

ओली_वाट:

इंग्लंडमध्ये राहायला आल्यावर पहिली दोन वर्षं मी एकाही शेतात पाऊल टाकलं नव्हतं. गाडीतून जाताना रस्त्याकडेला लाकडी खांब दिसायचा, त्यावर 'पब्लिक फुटपाथ' अशी पाटी, आणि पाटीचं टोक थेट कुणाच्या तरी गव्हाकडे. वाटायचं, ही पाटी आपल्यासाठी नसणार. दुसऱ्याच्या रानात न विचारता शिरायचं नाही हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. बांधावरून नुसतं पळत गेलं तरी लांबून हाळी यायची, "कोण हाय रं तिकडं?"

मग एका शनिवारी शेजारच्या आजी मला सोबत घेऊन गेल्या. वय पंच्याहत्तरीच्या पुढे, हातात काठी. पाटीपाशी क्षणभरही न थांबता त्या आत गेल्या आणि मागे वळून एवढंच म्हणाल्या, "फाटक जसं होतं तसंच ठेव." त्याला आता सात वर्षं झाली. महिन्यातले दोन शनिवार तरी मी एका गावातून निघून शेतांमधून दुसऱ्या गावात पोचते. इथली बरीच मराठी मंडळी अजून पाटीपाशीच अडतात, म्हणून हा धागा.

सुरुवातीला कुठली वाट, असं कुणी विचारलं तर मी कॉट्सवोल्ड्स या टेकड्यांच्या भागातली बोर्टन-ऑन-द-वॉटर ते लोअर स्लॉटर आणि तिथून अप्पर स्लॉटर ही सांगते. बोर्टनला सुट्टीच्या दिवशी तोबा गर्दी असते. विंडरश नदी गावाच्या मधून वाहते, पाणी घोट्या-गुडघ्याएवढं, वर बुटके दगडी पूल. तिथून निघालात की दहा-पंधरा मिनिटांत फॉस वे ओलांडावा लागतो. हा रोमनांनी बांधलेला एक्झिटर ते लिंकन रस्ता. आज त्यावर डांबर आहे आणि गाड्या भरधाव जातात, तेव्हा सिग्नलवरच ओलांडा. पलीकडे गेलं की आवाज हळूहळू मागे पडतो आणि दोन्ही बाजूंना कुरणं लागतात. लोअर स्लॉटर जेमतेम दीड-दोन किलोमीटरवर आहे. तिथे आय नावाची छोटी नदी घरांच्या उंबऱ्यापासून चार पावलांवरून वाहते, आणि तिच्या वळणावर एकोणिसाव्या शतकातली पाणचक्की उभी आहे. सगळं गाव मधाच्या रंगाच्या दगडाचं, चक्की तेवढी लाल विटांची.

स्लॉटर म्हणजे कत्तल, असं वाटून पहिल्यांदा मीही दचकले होते. पण मूळ जुना इंग्रजी शब्द चिखलाच्या, दलदलीच्या जागेसाठी आहे. नोव्हेंबरात गेलात तर हे नाव बुटांनाही पटतं.

पुढचा टप्पा माझ्या सगळ्यात आवडीचा. नदी कधी जवळ येते, कधी गवताआड जाते, आणि मध्ये किसिंग गेट लागतात. हे फाटक ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी: एक अर्धगोल कठडा, आणि त्याच्या आत झुलणारं छोटं फाटक. ते आपण ढकलायचं, कठड्याच्या पोटात अंग चोरून उभं राहायचं, फाटक आपल्यासमोरून परत फिरवायचं आणि दुसऱ्या बाजूने निसटायचं. एका वेळी एकच माणूस. पाठीवर मोठी सॅक असेल तर काढून डोक्यावर धरावी लागते. फाटक कठड्याच्या एका ना एका टोकाला भिडलेलं असतं, म्हणून ते उघडं राहतच नाही आणि मेंढ्या बाहेर पडत नाहीत. ना कडी, ना कुलूप. कोणी बनवलं असेल पहिल्यांदा, त्या सुताराच्या पाया पडावंसं वाटतं.

अप्पर स्लॉटरमध्ये चौकाभोवतीची घरं १९०६ साली एडविन ल्यूटन्स यांनी नव्याने उभी केली. हो, तेच, नवी दिल्लीची आखणी करणारे वास्तुविशारद. आणि एक गोष्ट इथे आवर्जून आठवा. इथल्या जवळपास प्रत्येक गावात महायुद्धात गेलेल्यांच्या नावांचा दगड असतो, मी प्रत्येक गावात तो वाचून पुढे जाते. अप्पर स्लॉटरमधून गेलेले सगळे मात्र दोन्ही महायुद्धांतून परत आले. दोन्ही युद्धांत एकही माणूस न गमावलेली गावं इथे अगदी मोजकी आहेत.

दोन्ही टप्पे मिळून रमतगमत तास-सव्वा तास. प्रश्न असतील तर विचारा, आणि आपापल्या वाटाही सांगा.

प्रवासी_पक्षी:

छान लिहिलंय. माझा प्रश्न बाळबोध आहे, पण खराच पडलाय. जमीन शेतकऱ्याची, मग आपण जातो ते त्याच्या मेहेरबानीवर की हक्काने? त्याने उद्या "इथून जाऊ नका" म्हटलं तर?

ओली_वाट:

@प्रवासी_पक्षी, हाच प्रश्न मला दोन वर्षं आडवा आला होता. हक्काने जातो. जमीन त्याचीच, पण वाटेवरून जाण्याचा हक्क सगळ्यांचा, आणि तो जमीन विकली तरी सुटत नाही. १९४९ च्या कायद्याने प्रत्येक काउंटीला, म्हणजे जिल्ह्याला, अशा वाटांचा अधिकृत नकाशा करायला लावला. त्याला 'डेफिनिटिव्ह मॅप' म्हणतात. वाट त्या नकाशावर असली की वाद मिटला. इंग्लंड आणि वेल्स मिळून असे सार्वजनिक हक्काचे मार्ग सुमारे २,२५,००० किलोमीटर भरतात.

पण हक्क कशाचा ते नीट समजून घ्या. पायी जाण्या-येण्याचा. वाटेत दम खायला टेकलात, फोटो काढलात, डबा उघडलात तर कुणी काही म्हणत नाही. शेतात पसरून खेळ मांडणं किंवा वाट सोडून भटकणं यात बसत नाही. सायकलही नाही. वाटेवरच्या खांबांवर बाण असतात: पिवळा बाण म्हणजे फक्त पायी. निळा बाण असेल तर तो ब्रायडलवे, तिथे घोडा आणि सायकल चालते.

सह्यमित्र:

थोडी भर. हे सगळं आपोआप मिळालेलं नाही. २४ एप्रिल १९३२ ला मँचेस्टरजवळच्या किंडर स्काउट या पठारावर काहीशे कामगार पोरं-पोरी ठरवून घुसली होती. पठार शिकारीसाठी राखलेलं, राखणदार काठ्या घेऊन उभे. पुढे असलेला बेनी रॉथमन विशीतला होता, त्याला चार महिन्यांची कैद झाली. १९४९ च्या कायद्यामागे या आंदोलनाचा मोठा धक्का होता असं मानतात. मोकळ्या माळरानावर आणि डोंगरावर वाट सोडूनही फिरण्याचा हक्क मात्र २००० सालच्या कायद्याने आला, म्हणजे जवळजवळ सत्तर वर्षांनी. मी किंडरवर तीनदा गेलोय. खाणीतल्या वाहनतळाजवळ त्या दिवसाची आठवण सांगणारी पाटी आहे, तिच्यासमोर दर वेळी टोपी काढतो.

स्कॉटलंडला जाणार असाल तर तिथला कायदा वेगळा. २००३ च्या कायद्याने तिथे जबाबदारीने वागून जवळपास कुठेही चालता येतं. इंग्लंडचे नियम तिकडे आणि तिकडचे इकडे लावू नका.

नवखी_पावलं:

मी गेल्या वर्षीच आलेय. मोबाइलवरच्या नकाशात या वाटा दिसतच नाहीत, किंवा अर्ध्यात तुटतात. तुम्ही काय वापरता? आणि आई जूनमध्ये येतेय, तिचे गुडघे दुखतात. तिला नेता येईल का?

ओली_वाट:

@नवखी_पावलं, ऑर्डनन्स सर्व्हेचा एक्सप्लोरर नकाशा घ्या, नारिंगी कव्हरचा. प्रमाण १:२५,०००, म्हणजे नकाशावरचे चार सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. कॉट्सवोल्ड्सचा क्रमांक ओएल ४५. फोनवर त्यांचं अॅपही आहे, पण मला कागद मांडीवर पसरून आदल्या रात्री वाट बोटाने चालायला आवडतं.

त्यावर हिरव्या तुटक रेघा म्हणजे हक्काची वाट. काळ्या तुटक रेघा म्हणजे जमिनीवर वाट आहे, पण तिथून जाण्याचा हक्क असेलच असं नाही. हा फरक मला कुणी सांगितला नव्हता. एकदा काळ्या रेघेवरून अर्धा तास चालत जाऊन कुणाच्या तरी परसात उभी राहिले. घरातले आजोबा सज्जन होते, त्यांनी हिरव्या रेघेपर्यंत आणून सोडलं. या नकाशावर शेतांची कुंपणंही दाखवलेली असतात, ती मोजत चला. "तिसऱ्या कुंपणानंतर डावीकडे" हे "चारशे मीटरनंतर डावीकडे" पेक्षा कधीही खात्रीचं.

आईंसाठी: अडचण अंतराची नाही, स्टाइलची आहे. म्हणजे कुंपण ओलांडायला बसवलेल्या लाकडी किंवा दगडी पायऱ्या. त्यावर चढून, एक पाय पलीकडे टाकून उतरावं लागतं आणि पावसात लाकूड शेवाळतं. गुडघे दुखत असतील तर स्टाइल असलेली वाट नकोच. बोर्टन ते लोअर स्लॉटर हा टप्पा बराचसा पक्का आणि सपाट आहे, तेवढा करून परत फिरलात तरी दिवस सार्थकी लागेल.

रानजाई:

वेळेचा अंदाज हा माझा कच्चा दुवा होता, मग नेस्मिथचा नियम कळला. १८९२ साली या स्कॉटिश गिर्यारोहकाने मांडलेला: तासाला तीन मैल, आणि प्रत्येक हजार फूट चढाईला अर्धा तास जास्त. म्हणजे सपाटीला जेमतेम पाच किलोमीटर. पण हा न थांबणाऱ्या, धडधाकट माणसाचा हिशोब. चिखल, फाटकं, लहान मुलं आणि "ते बघ काय आहे" हे सगळं धरून मी दीडपट वेळ लावते. हिवाळ्यात साडेतीन-चारलाच अंधारून येतं, तेव्हा हा हिशोब कागदावर करूनच निघा.

प्रवासी_पक्षी:

आणि गुरं? खरं सांगतो, बाण ज्या शेतातून जातो तिथेच नेमकी वीसेक जनावरं उभी असतात आणि सगळी माझ्याकडे बघतात. मी दोनदा परत फिरलोय.

ओली_वाट:

परत फिरलात ते चुकलं नाही. यात शौर्य दाखवायची काही गरज नाही.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यातली गोष्ट. कुरण मोठं, वाट मधोमध, आणि पंधरा-सोळा गायी वासरांसकट पसरलेल्या. मी वाटेने सरळ निघाले, आणि एक गाय व तिचं वासरू यांच्या बरोबर मधून गेले. ती गाय पळाली नाही, हंबरली नाही. मान खाली घातली, नाकातून जोरात हवा सोडली आणि पुढचा पाय जमिनीवर घासला. इतकी जवळ होती की तिच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरचा आकडा वाचता आला असता. मी पाठ न दाखवता, तिच्याकडे टक न लावता, एकेक पाऊल मागे सरले आणि कुंपणाच्या कडेने गेले. कुंपणापर्यंतचं ते अंतर आयुष्यात सगळ्यात लांब वाटलं.

त्या दिवसापासून वासरं दिसली की मी लांबून वळसा घालते, पुन्हा पुढे वाटेला लागते. गाय आणि वासराच्या मधून कधीही जायचं नाही. एरवी कालवडी किंवा गोऱ्हे नुसत्या कुतूहलाने मागे येतात. पळू नका, वळून हात पसरून उभं राहिलं की थबकतात. सोबत कुत्रा असेल तर गुरांजवळ दोरी आखूड धरा, पण गुरं अंगावर आली तर दोरी सोडून द्या. त्यांचा राग कुत्र्यावर असतो. कुत्रा पळून सुटतो, आपण सुटत नाही.

सह्यमित्र:

वळूबद्दलही कायदा आहे, १९८१ चा. होल्स्टीन, फ्रीजियन, जर्सी अशा ठरावीक दुधाळ जातींचा दहा महिन्यांवरचा वळू वाट असलेल्या शेतात सोडायला बंदी आहे. मांसासाठी पाळलेल्या जातीचा वळू गायी किंवा कालवडी सोबत असतील तरच चालतो. गायींमध्ये असलेला वळू सहसा आपल्याच नादात असतो. तरीही मी कुंपण सोडत नाही.

काळी_आई:

सगळे वाटसरूंच्या बाजूने बोलताय, म्हणून मी दुसरी बाजू मांडतो. मी शेतकऱ्याचा मुलगा आहे, आणि इथे एका शेतावर चार वर्षं कामही केलंय. वाटेवर पाणी साचलं की लोक कडेने जातात. कडेचं तुडवलं गेलं की त्याच्याही कडेने. एका ओल्या हिवाळ्यात एक मीटरची वाट पाच मीटर होताना मी डोळ्यांनी बघितलीय, आणि तो गहू मी पेरला होता. मेंढ्या व्यायला आलेल्या असताना सुटे कुत्रे धावतात. मेलेलं कोकरू उचलायला वाटसरू येत नाही, आम्ही जातो. फाटकाचंही तेच. ओली वाट यांच्या आजी म्हणाल्या तसं, जसं होतं तसंच. उघडं होतं तर उघडंच ठेवा, ते जनावरांना पाण्यापर्यंत जाता यावं म्हणून मुद्दाम उघडं असतं. भलेपणाने बंद केलेल्या एका फाटकामुळे आमची मेंढरं भर उन्हात दिवसभर तहानेली राहिली होती.

ओली_वाट:

@काळी_आई, मनापासून आभार. हे तुम्ही लिहिलंत म्हणून धाग्याला अर्थ आला. डबक्याच्या कडेने मीही गेलेय, बूट नवे होते म्हणून. आता मधूनच जाते. चिखल धुता येतो.

नांगरटीबद्दल तुम्हीच सांगाल का? नांगरलेल्या शेतातून वाट पुसली गेली की नवखा माणूस गोंधळतो.

काळी_आई:

सांगतो. वाट शेताच्या मधून जात असेल तर शेतकऱ्याला नांगरायची मुभा आहे, पण पहिल्यांदा जमीन हलवल्यापासून चौदा दिवसांत निदान एक मीटर रुंदीची वाट पुन्हा दाबून, दिसेल अशी करून द्यावी लागते. नंतर त्यावर पीक वाढू द्यायचं नाही. कडेची वाट नांगरायचीच नाही. आम्ही पेरणीनंतर चाकांनी सरळ पट्टा दाबून घ्यायचो. असा पट्टा दिसला तर बिनधास्त त्यावरून जा, पिकाच्या मधून असला तरी. तुम्ही वळसा घातलात तर उलट जास्त पीक तुडवलं जातं.

बांधावरचा:

वाचताना आपल्याकडच्या पाणंदी आठवल्या. आपल्याकडेही कायदा आहे बरं का. बांधावरून रस्ता मिळण्यासाठी महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ चं कलम १४३, आणि अडवलेली वाट मोकळी करण्यासाठी मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ चं कलम ५. दोन्हींसाठी तहसीलदारांकडे जायचं. फरक एवढाच की आपल्या पाणंदी शेतावर जायला आहेत, आणि या वाटांवर नुसतं चालायला आलेला माणूसही हक्काने येतो.

रानजाई:

पूर्वी या वाटाही कामाच्याच होत्या ना. शेतावर, गिरणीत, चर्चमध्ये जायच्या. लेक डिस्ट्रिक्टमध्ये ग्रासमिअर आणि रायडल यांच्यामधली वाट 'कॉफिन रूट' म्हणून ओळखली जाते. जवळच्या अॅम्बलसाइड गावाला स्वतःची दफनभूमी नव्हती तेव्हा मृतांना खांद्यावरून ग्रासमिअरच्या सेंट ऑस्वल्ड चर्चला न्यायचे. वाटेत एक मोठा सपाट दगड आहे, त्यावर शवपेटी टेकवून खांदेकरी दम घ्यायचे. म्हणजे आपला विसाव्याचा दगडच. मी त्याच्याजवळ पोचले तेव्हा पाऊस पडत होता आणि बसायला दुसरी कोरडी जागाही नव्हती, तरी त्यावर बसवेना. आजोबांना नेलं होतं तेव्हा विसाव्याला खांदेपालट झालेला आठवला. बराच वेळ तिथेच उभी राहिले.

ओली_वाट:

@रानजाई, काय लिहिलंस. पुढच्या खेपेला मी तिथे जाणार.

एक शेवटची गोष्ट, ती सांगायला मी धागा काढण्यापासून उत्सुक आहे. आमच्या भागात दोन गावांमधली एक वाट अधिकृत नकाशावर होती, पण काटेरी झुडपांनी इतकी भरली होती की माणूस आत शिरेना. पूल कुजलेला. मी काउंटीच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवली. पाच महिने काही झालं नाही. पुन्हा नोंदवली, फोटो आणि नकाशावरचा संदर्भ क्रमांक देऊन. मग गावातल्या चालणाऱ्या गटाने परवानगी घेऊन दोन रविवार कात्र्या चालवल्या, मीही गेले. नेटल या खाजऱ्या झुडपाने कोपरापर्यंत हात भाजल्यासारखे झाले होते. वसंतात नवा पूल बसला.

नकाशावर नसलेल्या वाटांचं तर आणखी अवघड. रॅम्बलर्स या पायी चालणाऱ्यांच्या संस्थेने २०२० मध्ये लोकांकडून जुने नकाशे आजच्या नकाशांशी ताडून घेतले, तेव्हा ४९ हजार मैलांहून जास्त वाटा अधिकृत नोंदीत नसल्याचं दिसलं. लोक वीस वर्षं विनाअडथळा, उघडपणे, हक्काने चालत आले असतील तर त्या वाटेवर सार्वजनिक हक्क सांगता येतो. पण वीस वर्षं कुणी चाललं हे सांगायला माणसं लागतात. आमच्या आजींनी एका वाटेसाठी असा जबाब लिहून दिलाय: त्या आईचं बोट धरून तिथून शाळेत जात असत. म्हणून म्हणते, पाटीपाशी थांबू नका, आत या.

नवखी_पावलं:

तीन आठवड्यांनी परत येतेय. गेल्या रविवारी आईला घेऊन बोर्टन ते लोअर स्लॉटर करून आलो. गर्दी होती, पण फॉस वे ओलांडल्यावर पांगली. आईने पहिल्या शेतात माझा हात घट्ट धरला आणि तीनदा विचारलं, "मालक काही बोलणार नाही ना?" नंतर हात सोडला. पाणचक्कीपाशी पोचल्यावर "त्या पुढच्या गावाला किती वेळ लागेल?" असं तिनेच विचारलं, म्हणून नदीकाठाने थोडं पुढेही गेलो.

किसिंग गेटमध्ये ती अडकली नाही, मीच अडकले, सॅकमुळे. ती पलीकडून हसत होती. मी बाहेर आल्यावर ते फाटक आपसूक कठड्याला जाऊन भिडलं, तरी आई मागे वळली, हाताने एकदा हलवून बघितलं, आणि मगच पुढे निघाली.